देवमाशाची शेपटी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाकारला. व्हिसा नाकारला. दोनदा लिहून पाहिलं, तरी खरं वाटत नाही.

सकाळी काय थाटात गेलो होतो! ठेवणीतले कपडे, ह्यांच्या बुटांना पॉलिश, सगळी कागदपत्रं ह्यांच्याच कारखान्यातल्या चौकोनी डब्यात. (आमच्या घरात सगळं डब्यांतच असतं. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाशी लग्न केलं की पिशवी नावाची वस्तू विसरायची.) दालनात खुर्च्यांच्या रांगा, समोर काचेच्या खिडक्या, काचेत बोलायला वाटोळी जाळी. आमचा नंबर आला तेव्हा मी जवळजवळ पळतच गेले.

अधिकारी तरुण होता. बोलत होता आपलीच भाषा, पण मान खाली, नजर संगणकात. पहिला प्रश्न ह्यांना, कुठे चाललात? हे गप्प. मी सांगितलं. किती दिवस? हे हसले. मी सांगितलं. मुलगी तिकडे काय करते? मीच सांगितलं. मग तो मान वर करून म्हणाला, "मॅडम, जरा ह्यांना बोलू द्या." आणि पुन्हा खाली बघून काहीतरी विचारलं. हे आपले मिठाची गुळणी धरल्यासारखे. मी कोपराने ढोसलं, तर म्हणाले, "हो." प्रश्न होता, इथे मागे कोण कोण असतं!

हातात कागद मिळाला. 'प्रवासाचा हेतू स्पष्ट होत नाही.' अहो, माझ्याइतका स्पष्ट हेतू त्या दालनात कोणाचाच नव्हता. मला देवमासा बघायचा आहे.

लेकीला फोन केला तर ती आधी हळहळली आणि मग हसत सुटली. "आई, त्यांना वाटलं असेल तू बाबांना पळवून नेतेयस!" मी फोन ह्यांच्याकडे दिला, म्हटलं तुम्हीच सांगा काय झालं ते. ह्यांनी तो कानालाही न लावता म्हटलं, "आई सांगेल गं," आणि परत माझ्या हातात. हे असं आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

उठले ती ठरवूनच. पुन्हा अर्ज करायचा. पहिल्या घासाला खडा लागला म्हणून कोणी ताटावरून उठत नाही.

देवमाशाचं वेड जुनं. बालवाडीत माझ्या वर्गाच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता होता. त्यात देवमासा मांजराएवढाच. मुलं विचारायची, बाई, खरा केवढा असतो? मग मी सगळ्यांना मैदानात न्यायचे आणि हात पसरून एका रांगेत उभं करायचे. हे तोंड, हे पोट, ही शेपटी. मुलांचे डोळे असे व्हायचे! नोकरी होती तोवर दरवर्षी हा देवमासा मैदानात यायचा. अगदी पहिल्या वर्षी तर एक मूल कमी पडलं. फाटकाशी माल पोचवायला आलेला कोणीसा घुटमळत होता, त्यालाच दरडावून शेपटीच्या जागी उभं केलं. बिचारा देवमासा सुटेपर्यंत हात पसरून उन्हात उभा!

आता लेक समुद्रकाठच्या गावात राहायला गेलीय. तिच्या धक्क्यावरून बोटी सुटतात आणि तासाभरात देवमासे दिसतात म्हणे. एप्रिल संपला की ते निघून जातात. पुढच्या वर्षी परत येतील, पण माझे गुडघे येतील का?

हे चहा पीत माझ्याकडे टक लावून बघत होते. कोणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे बघत बसायची ह्यांची जुनी खोड. लग्नानंतर मी लाजायचे, आता सवय झालीय. सगळं ऐकून म्हणाले, "करू या पुन्हा अर्ज." बस्स. मी लगेच कॅलेंडरवर खुणा केल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

एजंटकडे गेलो. छोटंसं ऑफिस, भिंतीवर पुलांची आणि बर्फाची चित्रं, माझं तर तिथेच निम्मं पर्यटन झालं. एजंट मुलगा चांगला आहे, आम्हाला काका-काकू म्हणतो. मिशी मात्र अशी की वरचा ओठ दिसतच नाही आणि खालचा पाहुण्यासारखा कधीमधी डोकावतो.

म्हणाला, "काकू, तेच कागद तसेच पुन्हा दिले तर तेच उत्तर येणार. पहिल्यांदा का नाकारलं, त्याचं उत्तर ह्या खेपेला द्यायचं. तुमची कागदपत्रं चोख आहेत. प्रश्न काकांचा आहे. काकांनी स्वतः बोललं पाहिजे."

हे मान डोलावत होते. मला वाटलं चला, पटलं. खाली रस्त्यावर आलो तर मला विचारतात, "काय म्हणाला तो?"

"अहो, इतका वेळ समोर बसला होतात ना? लक्ष कुठे होतं?"

"त्याची मिशी फार दाट आहे," हे म्हणाले.

आता मिशीचा काय संबंध! मी इतकी हसले की रस्त्यातले लोक बघायला लागले. पण घरी आल्यावर जरा रागही आला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हौस, आणि ह्यांनी काय पाहिलं, तर मिशी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तालीम सुरू! मी अधिकारी, हे म्हणजे हेच. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे खिडकी. ह्यांनी बसताबसता दिवा लावला. भरदुपारी! बोलायचं असलं की ह्यांना दिवा लागतो. दिवे गेले की हे जे मुके होतात ते थेट दिवे येईपर्यंत.

मला वाटलं होतं दगडाला पाझर फोडायचाय. तर कसलं काय! हे टकाटक उत्तरं देत होते.

"कुठे चाललात?"

"मुलीकडे. तीन आठवडे."

"परत कशावरून याल?"

हे थोडा विचार करून म्हणाले, "घर इथे आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना रोज पाणी लागतं. आणि ही परत येणार, म्हणजे मला यावंच लागेल."

मी म्हटलं शेवटचं वाक्य गाळा, हसतील लोक. मी मधेमधे ह्यांच्या आधीच उत्तर देऊन टाकते असं ह्यांचं म्हणणं. मला तरी आठवत नाही.

शिकवायची हातोटी माझी अजून गेलेली नाही. 'मठ्ठ' म्हणून माझ्या वर्गात ढकललेली मुलं मी अशीच बोलती केली. त्यातली काही मठ्ठ नव्हतीच, त्यांना ऐकू कमी यायचं. हे मी ओळखायचे, डॉक्टरांच्या आधी. माझी पद्धत साधी होती. नवं मूल खेळात रमलं की मागे जाऊन छोटी पितळी घंटी वाजवायची, आधी उजव्या कानामागे, मग डाव्या. ज्याने मान वळवली नाही त्याच्या आईबापांना बोलावणं. एकही मूल माझ्या नजरेतून सुटलं नाही. मुख्याध्यापिका म्हणायच्या, बाईंच्या नजरेला भिंग बसवलंय.

तर ह्यांची काय बिशाद!

रविवार, १६ फेब्रुवारी

आज खरेदी! बोटीवर घालायला रबरी बूट, वाऱ्याचं जाकीट, टोप्या. ह्यांची टोपी कानापर्यंत येते, मजेशीर दिसतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे मला ठाऊक आहे. अजून अर्ज गेलेला नाही आणि मी घरात रबरी बूट घालून फिरतेय. पण फिरू दे. आनंदाला कुठे व्हिसा लागतो?

खालच्या वहिनी आल्या होत्या, नेहमीचं रडगाणं घेऊन. तुमच्या टीव्हीचा आवाज, आमची झोप, वगैरे. बाई भारीच नाजूक. मी म्हटलं, आम्ही महिनाभर जाणार आहोत, तेव्हा झोपा पोटभर.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. हे फोन अगदी डोळ्यांसमोर धरतात. लेक नवऱ्याला म्हणाली, तूही बोल ना बाबांशी. तो बिचारा हळू आवाजाचा, शब्द ओठांतच पुटपुटणारा. त्याने काहीतरी विचारलं आणि ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. "आई सांगेल." जावयाने काय विचारलं होतं, तर बाबा, तुम्ही कसे आहात? हे तरी स्वतः सांगता येऊ नये?

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजचा दिवस फसला.

एजंट म्हणाला होता, खऱ्यासारखी तालीम करा, काचेपलीकडून. म्हणून मी गॅलरीत गेले, काचेचं दार ओढून घेतलं आणि त्या अधिकाऱ्याची हुबेहूब नक्कल केली. मान खाली, वही तोंडासमोर. हे आत खुर्चीवर.

"कुठे चाललात?"

हे गप्प. मी आवाज चढवला. हे माझ्या वहीकडे बघतायत. मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून उत्तर दिलं, "मुलीकडे! तीन आठवडे!" साऱ्या गल्लीला उत्तरं पाठ झाली, फक्त ह्यांना नाहीत!

मी दार उघडून आत आले आणि मनात येईल ते बोलले. टेबलाशी पोपटासारखं बोलता आणि ऐन वेळी तोंड शिवता. हे मुद्दाम चाललंय. तुम्हाला यायचंच नाही, तसं सांगा ना सरळ.

हे स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग चपला घातल्या आणि बाहेर गेले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज बोलणं बंद. म्हणजे माझं. ह्यांचं सुरू कधी होतं?

रबरी बूट कपाटात ठेवले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

एकटीच एजंटकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. त्याने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "काकू, खरं सांगू? तुम्ही एकट्या अर्ज करा. काका इथे राहिले की तुम्ही परत येणार ह्याची खात्रीच झाली. आठवड्यात व्हिसा हातात."

येताना सबंध रस्ता मी मनातल्या मनात बॅग भरत होते आणि परत रिकामी करत होते. जेवताना ह्यांना सांगितलं. मला वाटलं थोडं तरी वाईट वाटेल. तर लगेच म्हणाले, "जाऊन ये तू. खरंच जाऊन ये. मी कुंड्या सांभाळतो."

एक 'पण' नाही. एक 'बघू' नाही.

ह्यांना माझ्याबरोबर नकोय यायला. आता हे मी लिहूनच टाकते. मला इतकं रडू आलं की मी नळ सोडून भांडी घासत बसले. एकटीने जाता येईल, मी काही भित्री नाही. पण तो एवढा मोठा प्राणी पाण्यातून वर आला आणि शेजारी "अहो, तो बघा!" म्हणायला कोणी नसलं, तर मी पाहिला काय आणि न पाहिला काय. अर्जाचं उद्यापर्यंत कळवते असं एजंटला सांगून आले होते. नाही कळवणार.

शनिवार, १ मार्च

दार लावून लिहायला बसलेय.

सकाळी कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढले. बॅगेआड माझा शाळेचा जुना डबा होता. त्यात खडूचे तुकडे, तक्त्याची गुंडाळी आणि घंटी. तीच पितळी. पुसली तर अजून लख्ख. तिचा आवाज ऐकून मन एकदम हलकं झालं. म्हटलं, पुरे हा अबोला. हे गॅलरीत पाठमोरे बसून कुंडीतली माती हलवत होते. मी चोरपावलांनी मागे गेले. दचकवायचं होतं, एवढंच.

हात आपोआप उठला, जुन्या सवयीने. उजव्या कानामागे. टिंग.

हे माती हलवत राहिले.

डाव्या कानामागे.

काही नाही. मग मी जोरात वाजवली, सबंध शाळा सुटेल इतकी. कठड्यावर बसलेली चिमणी भुर्रकन उडाली. ह्यांनी मान वर करून चिमणीकडे पाहिलं. ही अशी अचानक का उडाली, असं ह्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी तिथेच खाली बसले.

दिवा, मिशी, टीव्ही, फोन, जावई, ती काचेची खिडकी. सगळं एका क्षणात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. लोकांच्या मुलांचे कान तपासत फिरले आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ह्यांनी वळून मला जमिनीवर बघितलं. मग माझ्या हातातली घंटी बघितली. ह्यांना ती घंटी कशासाठी असते ते चांगलं माहीत आहे. मीच तर सांगितलंय, कितीतरी वेळा, अभिमानाने.

मातीचे हात पुसून हे मला उठवायला पुढे आले.

रविवार, २ मार्च

बोललो. दिवा लावून, समोरासमोर बसून.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"कारखान्यापासूनच. मशीनच्या ठोकळ्याखाली दिवसभर धाडधाड पत्रा कापला जायचा ना, त्या आवाजाने कान गेले. आमच्यातल्या सगळ्यांचं तेच. आम्ही एकमेकांची तोंडं बघून बोलायचो. सांगितलं असतं तर साहेबांनी मशीनवरून काढलं असतं. मग निवृत्त झालो आणि सांगायचं राहूनच गेलं."

"मला तरी सांगायचंत!"

"तुझं सगळं कळतं मला, अगदी अक्षर न् अक्षर. तू लहान मुलांशी बोलल्यासारखी बोलतेस, तोंड उघडून, समोर बघून. बाकीचे सगळे तोंडात पान कोंबल्यासारखे बोलतात. त्यांना उत्तरं तू देतेसच. माझं काही अडतच नव्हतं."

हसावं की रडावं कळेना. मला वाटायचं मी ह्यांना बोलू देत नाही म्हणून लोक मला नावं ठेवतात. आणि हे त्याच बोलण्यावर संसार करत होते!

"मग 'तू एकटी जा' का म्हणालात?"

"तिथे जावई पुटपुटणार. बोटीवरचा माणूस भोंग्यातून सांगणार. मला काही कळणार नाही, आणि तू देवमासा बघायचा सोडून मला सांगत बसशील. तुझी इतक्या वर्षांची हौस, त्यात माझं लोढणं कशाला?"

मी म्हटलं, लोढणं काय, तुम्ही नसलात तर मी बोलायचं कोणाशी? देवमाशाशी?

मग आम्ही दोघंही हसलो. मी रबरी बूट कपाटातून काढले. उद्या एजंटला कळवायचं, अर्ज दोघांचा!

मंगळवार, ११ मार्च

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र बसवलं. शेंगदाण्याएवढं आहे, कानामागे दिसतही नाही. आणि आमच्या घरात काय धमाल चाललीय!

घरात पाऊल टाकताच हे थबकले. "हे कोण गुरगुरतंय?" फ्रीज! कितीतरी वर्षं घरात असलेल्या फ्रीजची ह्यांना आज ओळख झाली. मग घड्याळ. मग पाण्याची टाकी. जेवायच्या आधी मला विचारतात, "तू स्वयंपाक करताना एकटीच बोलतेस?" म्हटलं, हो, आजवर तुम्ही ऐकत नव्हतात म्हणून बोलत होते, आता जपून बोलावं लागणार.

टीव्हीचा आवाज इतका कमी केलाय की खालच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. घरात काही बरंवाईट तर नाही ना, बघायला! त्यांना मी नाजूक म्हणत होते. चहा पाजला. पुढची तालीम त्यांच्यासमोरच केली, त्यांना उत्तरं येतच होती.

एक गोष्ट मात्र आहे. जिथे माणसं जमतात तिथे यंत्र कुई करतं आणि सगळे आवाज एकात एक मिसळतात. बाजारात ह्यांनी ते काढून खिशात टाकलं. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागेल. आम्हाला वेळ कुठे आहे? देवमासे थांबणार आहेत थोडेच!

अर्जासोबतच्या पत्रात मी कानांचं लिहायला निघाले होते. हे म्हणाले, नको. एजंटही म्हणाला, सक्ती नाही. ह्यांच्याशी तो आता काळजीने मान वर करून, मिशी बाजूला सारून बोलतो. हे म्हणतात, "आवाज बरा आहे त्याचा. मिशीच तेवढी दाट."

बुधवार, १९ मार्च

उद्या मुलाखत. पुन्हा नाकारलं तर ह्या वर्षीचे देवमासे गेले, आणि दोनदा नाकारलेल्यांना तिसऱ्यांदा कोण विचारतंय, असं एजंटही गेल्या खेपेला म्हणून गेला.

ह्यांना विचारलं, "खिडकीपाशी सांगायचं ना, ऐकू येत नाही म्हणून?"

"बघू. यंत्र आहे की."

मला कळतं. अख्खा जन्म जे लपवलं, ते भरल्या दालनात कसं सांगायचं? कारखान्यात ते सांगणं म्हणजे घरी बसणं होतं. ती भीती अजून निघालेली नाही.

मग म्हणाले, "एक कर. उद्या तू बोलायचं नाहीस. एक शब्दही नाही. वचन दे."

दिलं. बघू या, जीव जातो की काय.

गुरुवार, २० मार्च

आधीपासून लिहिते, नाहीतर घाई होईल.

दालन तेच, गर्दी दुप्पट. भोंग्यावर नंबर पुकारत होते, एक बाळ रडत होतं, फरशीवरून खुर्च्या सरकत होत्या. आमची खिडकी आली. ह्या खेपेला बाई होत्या, चष्मा घातलेल्या, मान संगणकात, आणि माइकचा दांडा बरोबर तोंडासमोर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. ह्यांचं यंत्र कुई करून ओरडलं.

हे गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं. मला प्रश्न स्पष्ट ऐकू आला, प्रवास कशासाठी? उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी दातांखाली जीभ धरली. पदर असता तर तोंडात कोंबला असता. हातांनी कागदांचा डबा घट्ट धरून ठेवला. बाईंनी भुवया उंचावल्या आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. गेलं, मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात ह्यांनी कानामागचं यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मला ऐकू येत नाही!"

सगळं दालन वळलं. ते रडणारं बाळसुद्धा थांबलं.

"गर्दीत यंत्र चालत नाही. मागच्या वेळी मी हे सांगितलं नाही, म्हणून घोळ झाला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघून बोललात तर मला सगळं कळेल."

बाईंनी चष्मा काढला. दांडा बाजूला सारला, टेबलावरचा छोटा दिवा स्वतःच्या तोंडाकडे वळवला आणि ह्यांच्याकडे बघत सावकाश विचारलं, "प्रवास कशासाठी?"

"देवमासा बघायला."

"तुम्हाला आवड आहे?"

"आवड हिची. मी शेपटी आहे."

मला वाटलं आता ह्यांचं डोकंही गेलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"ही बालवाडीत शिकवायची. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. मी कारखान्यातून शाळेत खडूचे डबे पोचवायला गेलो होतो. मैदानात ही मुलांचा देवमासा करत होती. एक मूल कमी पडलं, तर मला दरडावून शेवटी उभं केलं. म्हणाली, हात पसरा, हलायचं नाही, तुम्ही शेपटी आहात. तेव्हा नुकतंच मला ऐकू कमी यायला लागलं होतं. मी घाबरलेला असायचो. कोणाचं बोलणं कळायचं नाही. आणि ह्या बाईंचं अक्षर न् अक्षर कळलं. घरी जाऊन सांगितलं, लग्न करीन तर ह्या बाईंशी. तेव्हापासून मी शेपटी धरून आहे. आता एकदा खरा देवमासा बघायचाय, हिच्याबरोबर."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. तो माल पोचवायला आलेला कोणीसा! एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी ह्यांना किती वेळा सांगितली असेल, दर खेपेला हसत, 'बिचारा' म्हणत. आणि ह्यांनी प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत ती शेवटपर्यंत ऐकून घेतली होती. मी श्वास घ्यायला थांबले असते तर कदाचित सांगितलंही असतं.

"आणि परत कशावरून याल?" बाई हसत होत्या.

"शेपटी तोंडाच्या मागे जाते, मॅडम. तोंड परत येणार आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्याने हसलं. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

मला सांगायचं होतं. वचन नसतं तरी शब्द फुटला नसता. मी नुसती मान हलवली.

"तिला रडू येतंय," हे म्हणाले, "म्हणून बोलत नाहीये. एरवी बोलते."

आजवर ह्यांची उत्तरं मी दिली. माझं उत्तर ह्यांनी आज पहिल्यांदा दिलं आणि ते अगदी बरोबर होतं. बाईंनी दोन्ही पासपोर्ट ठेवून घेतले. एजंट म्हणाला होता, पासपोर्ट परत दिले की नकार, ठेवून घेतले की समजायचं काम झालं. तरी मी खात्रीसाठी तिथेच उभी. मग त्या काचेजवळ आल्या आणि मान वर करून, तोंड उघडून, माझ्या बालवाडीत शोभेल असं म्हणाल्या, "जा, बघून या."

घरी येईपर्यंत हेच बोलत होते. बोट कसली असेल, दुर्बीण न्यायची का, देवमाशाची खरी शेपटी केवढी असेल. मी एकदाही मधे बोलले नाही.

दार उघडत होते तोच लेकीचा व्हिडिओ कॉल. "आई! काय झालं? मिळाला? काय विचारलं त्यांनी? सांग ना!"

घरात अंधार पडायला लागला होता. मी आधी दिवा लावला.

"बाबांना विचार," म्हटलं, आणि फोन ह्यांच्या हातात दिला.